लग्नाच्या कॅसेटमधला जर्मन कंगवा

लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेली फाईल तुम्ही कधी उघडली असेल, तर एक गोष्ट हमखास दिसली असेल. माणसे स्वस्थ उभी असतात तोवर चित्र बरे दिसते. कोणी हात हलवला, नवरदेवाने मान वळवली, की त्या हाताच्या आणि मानेच्या कडेला बारीक आडव्या रेघांची झालर लागते. थेट कंगव्याचे दात! मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते कॅसेटला बुरशी लागली, कोणी म्हणते दुकानवाल्याने काम उरकले. शेवटी भाचे-पुतण्यांपैकी ज्याला "कॉम्प्युटरमधलं कळतं" त्याला फोन जातो. आमच्या गोतावळ्यात तो भाचा मी. मी जर्मनीत राहतो याने कोणाला फरक पडत नाही, फाईल आंतरजालावरून दहा मिनिटांत येऊन पोचते.

तर मंडळी, सगळ्यात आधी हे सांगतो की ते दात म्हणजे बिघाड नाही. बुरशी नाही आणि दुकानवाल्याचा दोषही नाही (त्याचे दोष वेगळे आहेत, पुढे येतील). ती १९३० साली टेलिफुंकेन या बर्लिनच्या कंपनीत काढलेल्या एका युक्तीची खूण आहे. ती युक्ती कळल्याशिवाय कॅसेट नीट उतरवता येत नाही. आणि ती न कळता केलेली 'दुरुस्ती' चित्रातले अर्धे क्षण कायमचे पुसून टाकते. म्हणून आज थोडा इतिहास.

चित्राचे ओळींत तुकडे करून ते तारेवरून पाठवायचे, ही कल्पना पॉल निपकोची. १८८४ साली बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना त्याने भोके पाडलेल्या फिरत्या चकतीचे पेटंट मागितले. पुढच्या चाळीस वर्षांत ते फारसे कोणाच्या उपयोगी पडले नाही, कारण क्षीण संकेत मोठा करणारी यंत्रणाच नव्हती. १९२० च्या दशकात ती आली आणि टीव्हीचे प्रयोग जोरात सुरू झाले. मग एक जुनाच प्रश्न समोर आला. डोळ्याला हालचाल सलग वाटायला सेकंदाला वीस-पंचवीस चित्रे पुरतात, पण चित्र लुकलुकू नये म्हणून पन्नासच्या आसपास लागतात. सिनेमावाल्यांनी हा प्रश्न सोपा सोडवला होता. प्रोजेक्टरच्या फिरत्या पात्याने एकच चित्र दोनदा दाखवायचे, म्हणजे चोवीस चित्रांच्या अठ्ठेचाळीस उघडझापी होतात. टीव्हीला हे जमत नव्हते. एकच चित्र दोनदा दाखवायचे तर ते कुठेतरी साठवायला हवे, आणि त्या काळच्या टीव्ही संचात साठवायला काहीच नव्हते. आलेली ओळ त्याच क्षणी पडद्यावर काढायची आणि विसरायची. मग खरोखरच पन्नास चित्रे पाठवावीत का? तर लहरींवर दुप्पट जागा लागणार, म्हणजे दुप्पट खर्च.

टेलिफुंकेनमधल्या फ्रिट्झ श्रोटर या संशोधकाने सुचवले की चित्र पन्नास वेळा पाठवा, पण दरवेळी अर्धेच. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी. मग वरून खाली पुन्हा येऊन दुसरी, चौथी, सहावी. पडद्यावरचा आधीचा उजेड पुरता विझायच्या आत मधल्या ओळी भरल्या जातात आणि डोळ्याला सगळे एकसंध वाटते. लुकलुक गेली आणि खर्च तोच राहिला. जर्मनीत याला 'त्साइलनश्प्रुंग' म्हणतात, म्हणजे ओळींची उडी. इंग्रजीत इंटरलेसिंग. श्रोटरने याचे पेटंट १९३० मध्ये मागितले. अमेरिकेत आरसीए कंपनीतही दोनेक वर्षांत तीच वाट सापडली. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते.

एक बारकावा मात्र इथेच मनात ठेवा. विषम ओळींचे फील्ड आणि सम ओळींचे फील्ड ही एकाच चित्राची दोन अर्धुके नव्हेत. कॅमेराही तसाच चालतो, त्यामुळे दुसरे फील्ड टिपले जाते तेव्हा एक पन्नासांश सेकंद उलटून गेलेला असतो. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. म्हणजे ही दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रे आहेत. कंगव्याच्या दातांचे सगळे गुपित एवढेच आहे. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही ती दोन चित्रे एकामागून एक दाखवी. संगणक ती एकात एक गुंफून एकदम समोर ठेवतो, आणि जिथे हालचाल आहे तिथे दात दिसतात.

ही युक्ती लगेच अमलात आली असे नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे थेट प्रक्षेपण झाले (कोणाच्या घरी नव्हे, शहरात ठिकठिकाणी उघडलेल्या सार्वजनिक टीव्ही दालनांत) ते १८० ओळींचे आणि बिनगुंफणीचे होते, त्यामुळे चांगलेच लुकलुकणारे. आपल्याकडे ते ऑलिंपिक ध्यानचंद यांच्या संघाने १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ असे हरवले म्हणून लक्षात आहे. विदर्भातल्या वाचकांना आणखी एका कारणाने ते ठाऊक असेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू तेव्हा बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला होता. मैदानावरच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यामागे उभा असलेला तरुण तंत्रज्ञ होता वाल्टर ब्रूख, वय २८. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, जर्मनीने ४४१ ओळींची, सेकंदाला ५० फील्डची नवी पद्धत ठरवली आणि श्रोटरची उडी अधिकृत झाली.

पन्नासच का? कारण युरोपातली वीज पन्नास हर्ट्झची. टीव्हीचा ताल विजेच्या तालाशी जुळवला नाही तर पडद्यावर काळसर पट्टे तरंगत वर-खाली जातात. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची, म्हणून तिकडे साठ फील्ड. अमेरिकेतल्या मामांनी पाठवलेली कॅसेट आपल्या व्हीसीआरवर का धड चालत नसे, याचे एक मूळ वीज कंपन्यांच्या त्या जुन्या निवडीत आहे.

युद्धानंतर ४४१ च्या ६२५ ओळी झाल्या. (४४१ काय, ६२५ काय, दोन्ही विषम संख्या. ओळी विषम असल्या की प्रत्येक फील्डच्या वाट्याला एक अर्धी ओळ येते आणि गुंफण आपोआप जमते. हे गणित मला अजूनही फार आवडते.) मग रंग आले. अमेरिकेची एनटीएससी पद्धत १९५३ पासून होती, पण वाटेत संकेताची कला जराशी सरकली की चेहरे हिरवट नाहीतर जांभळट होत. तिकडचे अभियंते तिला गमतीने 'नेव्हर द सेम कलर' म्हणत. आपला वाल्टर ब्रूख आता टेलिफुंकेनच्या हानोवरच्या प्रयोगशाळेत होता. मधल्या काळात, युद्ध चालू असताना, त्याने पेनेम्युंडेला रॉकेटची उड्डाणे सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी टीव्ही यंत्रणा उभारली होती. त्या रॉकेटांचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. जर्मन तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना असे थांबे सारखे लागतात.

ब्रूखची युक्ती अशी. रंगाच्या दोन घटकांपैकी एक घटक दर आड ओळीला उलटा करून पाठवायचा. वाटेत एका ओळीचा रंग लालसर बाजूला सरकला, तर पुढच्या ओळीचा तेवढाच विरुद्ध बाजूला सरकेल. घेणाऱ्या संचाने शेजारच्या दोन ओळींची सरासरी काढली की चूक आपोआप वजा होते. रंग किंचित फिका पडतो, पण बदलत नाही. सरासरी काढायला आधीची ओळ थांबवून धरायला हवी, आणि साठवण तर अजूनही नव्हती. म्हणून संचात काचेचा एक तुकडा बसवत. संकेताचे ध्वनिलहरीत रूपांतर करायचे, ती काचेतून जायला नेमके ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे एका ओळीचा वेळ, घेते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा संकेत बनून बाहेर येते. काचेत कोंडलेली एक ओळ! पेटंटचा अर्ज ३१ डिसेंबर १९६२ चा, आणि ३ जानेवारी १९६३ ला हानोवरमध्ये युरोपभरच्या तज्ज्ञांना प्रात्यक्षिक. पद्धतीचे नाव पाल. स्वतःचे नाव का दिले नाही, असे विचारल्यावर ब्रूख म्हणाल्याचे सांगतात की 'ब्रूख पद्धत' कोणी विकत घेतली नसती. जर्मन भाषेत ब्रूख म्हणजे मोडतोड.

२५ ऑगस्ट १९६७ ला पश्चिम बर्लिनच्या प्रदर्शनात विली ब्रांट यांनी लाल बटण दाबून पश्चिम जर्मनीत रंगीत प्रक्षेपण सुरू केले. बटण नुसते शोभेचे होते, आणि उत्साही तंत्रज्ञाने ब्रांट यांचा हात टेकायच्या आतच रंग सोडले. भिंतीपलीकडे पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये मुद्दाम फ्रान्सची सेकाम पद्धत घेतली, त्यामुळे तिकडचे लोक पश्चिमेचे कार्यक्रम चोरून पाहत ते कृष्णधवल. भारतात रंग आले १९८२ मध्ये. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरचे इंदिरा गांधींचे भाषण आणि नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ. आपण घेतली ती पालच. म्हणजे आपल्या पिढीने लहानपणी पाहिलेले सगळे रंग हानोवरच्या त्या काचेतून आलेले आहेत.

मग व्हीएचएस आली. जपानच्या जेव्हीसीची, १९७६ ची. जर्मनीत ग्रुंडिगने फिलिप्सबरोबर व्हिडिओ २००० नावाची स्वतःची पद्धत काढली होती, ती हरली. व्हीएचएसच्या यंत्रात टेप एका तिरक्या फिरत्या ढोलाला लपेटलेली असते. आपल्या पाल पद्धतीत तो ढोल सेकंदाला २५ फेरे मारतो आणि त्यावर समोरासमोर दोन हेड असतात. प्रत्येक हेड अर्ध्या फेऱ्यात टेपवर एक तिरकी रेघ ओढते, आणि ती एक रेघ म्हणजे बरोबर एक फील्ड. पंचवीस फेरे, दोन हेड, पन्नास फील्ड. श्रोटरचे अर्धे चित्र तुमच्या कपाटातल्या कॅसेटवर अक्षरशः रेघेच्या रूपात पडून आहे. चित्राच्या अगदी तळाशी जी फाटकी, थरथरती पट्टी दिसते ना, ती एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना पडलेली सांध्याची खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची, म्हणून कधी दिसली नव्हती. तीही बुरशी नव्हे!

आता दुरुस्तीकडे येतो, आणि त्यासाठी एक खरी कॅसेट घेतो. माझ्या मावशीचे लग्न नाशिकला १९९१ मध्ये झाले. आमच्या आजोबांचे, आण्णांचे, हलते चित्र असलेली जगातली ही एकमेव वस्तू. मंगलाष्टके संपतात, हॅलोजनच्या झगझगीत उजेडात आण्णा अक्षता टाकतात आणि कॅमेरा पुढे सरकतो. सगळे मिळून चार सेकंद. मावशीने ही कॅसेट एका दुकानातून उतरवून घेतली आणि मला फोन केला, "अरे, त्या फाईलमध्ये आण्णांच्या हाताला धूर आल्यासारखा दिसतोय. आणि अक्षता कुठायत?"

अक्षता खरोखरच नव्हत्या. त्या कुठे गेल्या ते सांगतो, कारण सगळा मामला त्यात आला. पडणारी अक्षत सेकंदाला दोन-तीन मीटरच्या वेगात असते. म्हणजे एका फील्डपासून दुसऱ्यापर्यंत, एक पन्नासांश सेकंदात, ती चार ते सहा सेंटिमीटर खाली येते. दाणा असतो जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. त्यामुळे मूळ चित्रात प्रत्येक अक्षत दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या फील्डमध्ये, एकेक पांढरा ठिपका म्हणून होती. दुकानातल्या सॉफ्टवेअरने 'दात काढून टाका' या आज्ञेखाली दोन्ही फील्डची सरसकट सरासरी केली. हाताचे दोन पुसट हात झाले, तो मावशीचा धूर. अक्षतांचे दुप्पट ठिपके झाले, पण निम्म्या उजेडाचे. आणि नंतर फाईल लहान करणाऱ्या एन्कोडरने ते पुसट ठिपके निरुपयोगी समजून झाडून टाकले.

एन्कोडर असे का करतो? आजच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ पद्धतीच्या पोटात डीसीटी नावाचे एक गणिती रूपांतर असते. ते बंगळुरूत जन्मलेल्या नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. (१९७२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानाने त्या कल्पनेला पैसे नाकारले होते, हे ते स्वतः सांगत.) चित्राचे छोटे चौकोन घ्यायचे, त्यातले ढोबळ बदल आणि बारीक बदल वेगळे करायचे आणि डोळ्याला कमी जाणवणारे बारीक बदल आधी टाकून द्यायचे. आता कंगव्याचे दात म्हणजे ओळीआड ओळ काळे-पांढरे, याहून बारीक बदल असूच शकत नाही. दात तसेच ठेवून फाईल लहान करायला गेलात तर एन्कोडरची सगळी ताकद दात टिपण्यात खर्च होते आणि चेहऱ्यांचे चौकोन होतात. सरासरी केलीत तर अक्षता जातात. दोन्हीकडून मरण.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे दात काढायचे नाहीत, उलगडायचे. प्रत्येक फील्डचे एक पूर्ण चित्र करायचे, नसलेल्या ओळी अंदाजाने भरायच्या, आणि सेकंदाला २५ नव्हे तर ५० चित्रांची फाईल बनवायची. याची सगळी अवजारे मुक्तस्रोत आहेत आणि फुकट आहेत. मुख्य अवजार एफएफएमपेग, फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले. नावातले एफएफ म्हणजे व्हीसीआरवरचे 'फास्ट फॉरवर्ड'चे बटण, आणि त्याच्या बोधचिन्हातली नागमोडी रेघ म्हणजे डीसीटीचे आकडे वाचण्याचा क्रम! त्यातली उलगडण्याची चाळणी याडिफ ही व्हिएन्नाच्या मिखाएल नीडरमायर यांनी २००६ मध्ये लिहिली. नसलेली ओळ भरताना ती वरची-खालची ओळ पाहते, शिवाय आधीचे आणि नंतरचे फील्डही पाहते. हालचाल नसेल तिथे शेजारच्या फील्डमधली खरी ओळ उचलते, हालचाल असेल तिथे अंदाज करते. पुढे बीडब्ल्यूडिफ आली, ती याडिफ आणि बीबीसीच्या संशोधकांची एक जुनी पद्धत यांचे लग्न लावून. व्हीएचएससाठी मी सहसा हीच वापरतो.

मावशीला कॅसेट पुन्हा मागवायला सांगितली. सुदैवाने दुकानवाल्याने ती अजून टाकली नव्हती. नाशिकमधल्याच एका परिचिताने ती नव्याने, काहीही न सुधारता, उतरवून दिली. आण्णांच्या त्या चार सेकंदांत २०० फील्ड आहेत. उलगडल्यावर अक्षता दिसल्या. हातातून सुटताना, मग हवेत आणि मग मावशीच्या मुंडावळ्यांवर.

हे करताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात आणि तिन्हींच्या मागे इतिहासच आहे. पहिली, कोणते फील्ड आधी. पालच्या बहुतेक यंत्रांत वरचे फील्ड आधी असते, पण डीव्ही कॅमेऱ्यांच्या फाईलमध्ये खालचे. हे उलटे झाले तर प्रत्येक हालचाल दोन पावले पुढे, एक पाऊल मागे अशी होते, वऱ्हाडी जागच्या जागी थरथरतात. एफएफएमपेगमध्ये आयडेट नावाची चाळणी आहे, ती काही मिनिटांचे चित्र मोजून वरचे आधी की खालचे ते सांगते. फाईलवर लिहिलेल्या माहितीपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास.

दुसरी, चित्राची रुंदी. १९८२ मध्ये टीव्हीच्या डिजिटल रूपाचे जागतिक मानक ठरले तेव्हा युरोपच्या ६२५ आणि अमेरिकेच्या ५२५ ओळी दोन्हींना चालेल असा एकच वेग, १३.५ मेगाहर्ट्झ, निवडला गेला. त्या तडजोडीतून एका ओळीत ७२० ठिपके आले, आणि उभ्या ओळी ५७६. हे गुणोत्तर ५:४ होते, टीव्ही मात्र ४:३. म्हणजे ठिपके चौरस नाहीत, किंचित आडवे आहेत. संगणकाला हे सांगितले नाही तर सगळी माणसे पाच-सहा टक्के सडपातळ दिसतात. या बिघाडाची तक्रार आजवर माझ्याकडे कोणीही केलेली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: उलगडण्याआधी चित्राची उंची कधीही बदलायची नाही. दुकानवाले 'एचडी करून देतो' म्हणून ५७६ ओळींच्या १०८० करतात. गुंफलेल्या ओळी एकमेकींत कालवल्या की दोन क्षण वेगळे काढायची वाट कायमची बंद होते. दही पुन्हा दूध होत नाही. माझ्याकडे आलेल्या फाईलींपैकी बऱ्याच याच कारणाने परत पाठवाव्या लागल्या, आणि काहींच्या कॅसेट तोवर रद्दीत गेल्या होत्या.

शेवटची फाईल लहान करायची ती बहुधा एच.२६४ पद्धतीने. मे २००३ मध्ये मंजूर झालेल्या या मानकाचा बराच भाग बर्लिनच्या हाइनरिश हर्ट्झ संस्थेत घडला, थोमास वीगांट, डेटलेव्ह मार्पे आणि हाइको श्वार्त्स यांच्या गटात. आणि इथे जर्मनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही संस्था ज्या फ्राउनहोफर समूहात आहे, त्याच समूहाच्या एरलांगेनच्या संस्थेत एमपी३ जन्मली. १९९८ मध्ये फुकट एमपी३ एन्कोडर लिहिणाऱ्यांना तिथून परवान्याचे पैसे भरा अशी पत्रे गेली. त्याच वर्षी सुरू झालेल्या मुक्त एन्कोडरने स्वतःचे नाव ठेवले लेम, 'हा एमपी३ एन्कोडर नव्हेच' अशा अर्थाचे. मी डॉक्टरेट करत असताना प्रयोगशाळेतल्या संगणकांवर न्यूरेम्बर्गची सुसे लिनक्स होती. तिच्यात पेटंटच्या भीतीने व्हिडिओची निम्मी अवजारे नसत. ती पॅकमन नावाच्या बाहेरच्या भांडारातून आणायची. नवीन आलेल्या विद्यार्थ्याला कॉफीच्या यंत्राच्या आधी पॅकमन दाखवले जाई. एमपी३ चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला. आणि २०२० मध्ये एच.२६६ मानक आले तेव्हा त्याच बर्लिनच्या संस्थेने आपला एन्कोडर, व्हीव्हीएनसी, सप्टेंबरात स्वतःहून खुल्या परवान्यावर टाकला. मानकातली पेटंटे आहेतच, पण सूत्रे वाचायला मोकळी आहेत. २०२४ मध्ये तर जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडाने एफएफएमपेगला पैसे दिले. वीस वर्षांपूर्वी हे कोणाला सांगितले असते तर हसले असते.

लहान फाईल नातेवाइकांना पाठवायला ठीक, पण जपायची प्रत वेगळी हवी. तिच्यासाठी एफएफव्ही१ ही पद्धत वापरा, तीही त्याच नीडरमायर यांची. हिच्यात काहीही टाकून दिले जात नाही, आणि फील्ड जशीच्या तशी गुंफलेली राहतात. व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन मेडियाटेक या सरकारी संग्रहाने तिच्यावर भरवसा ठेवला, आणि २०२१ मध्ये तिचा तपशील आंतरजालाच्या मानकांत आरएफसी ९०४३ म्हणून छापला गेला. तासाभराच्या कॅसेटला साधारण ३० जीबी लागतात. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. उद्या याडिफपेक्षा चांगले काही आले तर या प्रतीवरून पुन्हा उलगडता येईल. उलगडून ठेवलेल्या फाईलवरून ते होणार नाही.

याच्याही पुढे गेलेली मंडळी आहेत. व्हीएचएस-डिकोड हा मुक्तस्रोत प्रकल्प व्हीसीआरच्या चित्र बनवणाऱ्या भागाला हातच लावत नाही. हेडवरून निघणारा कच्चा संकेत थेट पकडायचा आणि बाकी सगळे संगणकावर करायचे. ओळी सरळ करणे, रंग वेगळे काढणे, सगळे. ती सूत्रे मी एकदा बसून वाचली. ब्रूखच्या काचेच्या तुकड्याचे काम तिथे आकड्यांची एक ओळ दुसरीतून वजा करून होते. गंमत म्हणजे जर्मनीत हवेतून येणारे पालचे प्रक्षेपण केव्हाच बंद झाले. बर्लिनने तर ऑगस्ट २००३ मध्येच हवेतला अॅनालॉग टीव्ही बंद केला, जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत आधी. उपग्रहावरचा ३० एप्रिल २०१२ ला संपला. एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांनी २०१० मध्ये एचडी सुरू केले ते श्रोटरची उडी टाकून, सेकंदाला ५० पूर्ण चित्रांचे. आता पाल उरली आहे ती टेपवर आणि या सूत्रांत.

तेव्हा दुकानात जाणारच असाल तर एवढे सांगा: फाईल ७२० बाय ५७६ ची, गुंफलेली, काहीही न सुधारता द्या. 'एचडी', 'क्लिअर', 'एन्हान्स' यातले काही नको. कॅसेट परत घ्या. ती उभी ठेवा, आडवी नको, आणि नाशिक-पुण्याच्या नव्हे पण कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशी दिसत असेल तर कॅसेट यंत्रात घालू नका, एक बुरसटलेली कॅसेट हेड घाण करते आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना प्रसाद देते. आणि फार वाट पाहू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता जी यंत्रे आहेत तेवढीच, आणि त्यांचे रबरी पट्टे दरवर्षी थोडे सैल होत आहेत. आमच्या परिचिताकडचे यंत्र मावशीनंतर आणखी अकरा कॅसेट चालले. आता त्याचा पट्टा गेला आहे, आणि तो जुन्या बाजारात दुसरा शोधतो आहे.